बोट आणि मूठ

माझ्या सासऱ्यांची नोकरी ऐकण्याची होती. हसू नका, खरंच होती. आरोग्य खात्याचा शिक्का असलेली वही, गळ्यात ओळखपत्र आणि काम एकच: रोज उजाडताना घरामागच्या मचाणावर बसायचं आणि जंगलातली माकडं ओरडतात की नाही ते ऐकायचं. आमच्या जंगलातली माकडं सकाळी अशी काही बोंबलायची की नवखा पाहुणा अंथरूण टाकून पळावा. लाकूडतोड्यांच्या आमच्या वसाहतीत त्यांना सगळे बोंबलेच म्हणत. बोंबले ओरडले की मामंजी वहीत लिहायचे, 'आवाज आहे'. नाही ओरडले तर 'आवाज नाही'. सलग तीन सकाळी 'नाही' आलं की दारातल्या खांबावर लाल फडकं चढवायचं.

फडकं चढलं की तोड बंद. पिवळा ताप आला की आधी बोंबले मरतात, मग माणसं. म्हणून फडकं दिसलं की शहरातून नर्सबाई लसीचा डबा घेऊन येणार, वसाहतीतल्या एकेकाला टोचणार आणि महिनाभर कोणी करवतीला हात लावायचा नाही. एरवी लस मागून मिळत नसे. साठा थोडा, आणि फडक्याशिवाय डबा हलायचा नाही असा खात्याचा नियम. आमच्या घरात दोघांनाच टोचलेलं होतं. मामंजींना, नोकरीमुळे, आणि मला, लहानपणी शहरातल्या शाळेत. ह्यांना नव्हतं. हे म्हणजे माझा नवरा, मामंजींचा एकुलता एक मुलगा, आणि त्याच जंगलात झाडं पाडणारा.

आता गंमत ऐका. मामंजी ठार बहिरे होते.

तीस वर्षं मशीनची करवत चालवून त्यांनी कान घालवले, आणि जंगलाची माहिती आहे म्हणून खात्यानं त्यांना नेमकी कानांचीच नोकरी दिली. सुरुवातीला थोडंफार ऐकू येत असावं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा शिष्ट आहे. हाक मारली तर मान वळायची नाही, विचारलं तर उत्तर नाही. बोलायला मात्र तोंड शाबूत. माझ्या हातचं जेवण, माझा केर, माझ्या माहेरची माणसं, कशालाच त्यांची जीभ सोडायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "कानामागून आली आणि तिखट झाली."

एक दिवस ते पाठमोरे बसून चहा पीत होते आणि माझ्या हातून पत्र्याची बादली फरशीवर पडली. शेजारच्या घरातलं तान्हं दचकून रडायला लागलं. मामंजींची मान हलली नाही. मी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले आणि आईनं ऐकली असती तर माझं थोबाड फोडलं असतं अशी एक शिवी हासडली. काही नाही. दुसरी हासडली. ते चहा फुंकत राहिले. मग मी समोर गेले, कानाला हात लावला आणि हसले. त्यांना कळलं की मला कळलं.

म्हातारा रडला. "सूनबाई, कोणाला सांगू नकोस गं. नोकरी गेली तर मी काय, खायला काळ आणि भुईला भार."

"आणि माझ्या जेवणाचं काय?" मी तोंड मोठं हलवून विचारलं.

"उत्तम असतं. पहिल्यापासूनच उत्तम."

अशी आमची अळीमिळी गुपचिळी ठरली. स्वयंपाकघराची खिडकी मचाणासमोरच होती. बोंबले ओरडले की मी खिडकीतून एक बोट वर करायचं. नाही ओरडले तर मूठ दाखवायची. ते पाहून मामंजी वहीत लिहायचे. ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. बाप जरा मोठ्यानं बोलतो आणि मनाला येईल तेव्हाच ऐकतो, एवढंच त्यांना वाटायचं.

खोटं कशाला बोलू, मला त्या खेळाची चटक लागली. मामंजींच्या पाठीमागे उभं राहून मी दिवसभराचा राग ओकायचे. त्यांच्या जाण्यायेण्यावर, त्यांच्या कवळीवर, मेलेल्या सासूवरसुद्धा बोलायचे आणि मग पुढे जाऊन गोड आवाजात जेवायला वाढायचे. एकदा बोंबले रान डोक्यावर घेत असताना मी मुद्दाम मूठ दाखवली. म्हाताऱ्याचा चेहरा असा पडला! मुलगा जंगलात जायचा होता ना. त्यांनी लिहिलं, 'आवाज नाही'. मी ओट्याला टेकून पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी बोट दाखवलं तेव्हा त्यांनी आभाळाकडे बघून हात जोडले.

पण त्या घरात मला राहायचं नव्हतं. ह्यांच्याबरोबर कुठेही राहिले असते, तो माणूसच तसा होता. घामानं भिजून आला तरी आधी माझी वेणी ओढणार, मग पाणी मागणार. मला फक्त म्हातारा नको होता, ते मचाण नको होतं, ती वही नको होती. त्या वर्षी मुकादमानं ह्यांना शब्द दिला होता: पाऊस लागायच्या आत उतारावरची झाडं संपवलीस तर तुला लाकडाच्या ट्रकवर घेतो, शहरात दोन खोल्या मिळतील. मी मनातल्या मनात त्या खोल्यांना पडदेही लावले होते. मोजून आठ झाडं राहिली होती.

आणि एका सकाळी जंगल गप्प राहिलं.

मी खिडकीत उभी होते. चूल पेटलेली, हातात पोळपाट. सूर्य वर आला. एकही बोंबल्या ओरडला नाही. मामंजी माझ्याकडे बघत होते. मी विचार केला, रिमझिम होती, रिमझिमीत ओरडत नाहीत कधीकधी. मी बोट वर केलं.

दुसऱ्या सकाळी रिमझिम नव्हती. मी म्हटलं, पलीकडच्या डोंगरावर गेले असतील, माकडंच ती, एका जागी थोडीच बसणार. बोट वर केलं. मनाला काय, ज्या बाजूला ढकलाल तिकडे जातं.

तिसऱ्या सकाळी मामंजी मचाणावरून उतरून खिडकीपाशी आले. कान नव्हते, पण डोळे होते. उतारावर गिधाडं घिरट्या घालत होती, ती त्यांनी पाहिली होती.

"सूनबाई, नक्की आवाज आहे ना?"

आता मूठ दाखवली तर आणखी दोन सकाळी, आणि मग लाल फडकं. महिनाभर तोड बंद. मग पाऊस, मग ट्रक दुसऱ्या कोणाला तरी, आणि मी आणखी एक वर्ष ह्याच खिडकीत.

"माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतःच्या कानांनी ऐका," मी एकेक शब्द नीट दिसेल असा म्हणाले.

त्यांनी गिधाडांकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून गेले आणि वहीत लिहिलं, 'आवाज आहे'. मी खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं होतं, आजही मी पैजेवर सांगेन. पण मला खोटं ठरवायचं तर आधी स्वतःला बहिरा म्हणवून घ्यावं लागणार. बापाला नोकरी प्यारी, बायकोला दोन खोल्या. मधे हे, खांद्यावर करवत टाकून शीळ घालत निघाले.

त्या दिवशी त्यांनी उतारावरचं सगळ्यात मोठं झाड पाडलं. घरी आले ते खुशीत. जेवायला बसल्यावर सांगू लागले, "अगं, झाड आडवं झालं आणि फांद्यांतून काय डास उठले! भर दुपारी. निळे, नव्या पत्र्यासारखे चकाकणारे. दिसायला इतके देखणे, आणि चावून चावून पार जीव घेतला." मानेवर गांधी उठल्या होत्या, त्या त्यांनी मला दाखवल्या. मग ताटात मान घालून, घास चावता चावता म्हणाले, "आणि बाबा, तुम्ही आवाज आहे कसं लिहिलंत? तिथे तीन बोंबले मरून पडलेत. मुकादमाला दाखवले तर त्यानं पायानं दरीत ढकलून दिले. म्हणाला, कुठे बोलू नकोस."

मामंजींना ह्यांचे ओठ दिसत नव्हते. फक्त 'बाबा' म्हणताना मुलानं आपल्याकडे पाहिलं एवढं दिसलं. ते हसून म्हणाले, "हो हो, मीठ अगदी बेताचं पडलंय आज."

ह्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "म्हाताऱ्याचं लक्ष बघ कुठे असतं!" मीही हसले. मला सगळं ऐकू आलं होतं, तरी मी हसले आणि त्यांना आणखी वाढलं.

पाचव्या दिवशी ताप चढला. डोळे लालभडक, कंबर अशी दुखायची की तो सहा फुटी माणूस गुडघे पोटाशी घेऊन कण्हायचा. मी जमेल तेवढं सगळं केलं. डास तिन्हीसांजेला चावतात हे शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणून संध्याकाळ झाली की मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचायची. दिवसा मात्र वारा लागावा म्हणून खाट पडवीत आणायची, पाण्याच्या पिंपांशेजारी, तिथे गारवा असतो. पायांवर पांढरे पट्टे असलेले घरातलेच बारके डास त्यांच्या घोट्यांवर बसायचे. हे उगाच पाय हलवायचे. मी म्हणायचे, बसू दे, दिवसाचे डास काय करणार आहेत!

ताप आल्याच्या चौथ्या दिवशी तो उतरला. अंगाला घाम सुटला, भूक लागली, माझी वेणी ओढली. मी वसाहतभर सांगून आले. मुकादमाची बायको, आमच्या शेजारच्या काकू, त्यांनी आपल्या हातानं पेज करून आणली. हे भिंतीला टेकून पेज प्यायले आणि म्हणाले, "शहरातल्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला घ्यायची गं?" मी म्हटलं, कुठेही घ्या, फक्त तिच्यातून मचाण दिसायला नको.

दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे पिवळे झाले. मग हिरड्यांतून रक्त. मग उलटी झाली ती काळी, चहाच्या चोथ्यासारखी. मला ते ओळखेनात. मामंजी पायथ्याशी बसून मुलाच्या ओठांकडे टक लावून होते, काय बोलतो ते दिसावं म्हणून. पण ओठांवर रक्ताची पापडी धरली होती, ते धड हलत नव्हते. "बाबा, बाबा," असं हे दोन तास म्हणत होते. मी ऐकलं. मामंजींना दिसलं नाही आणि मी सांगितलं नाही. ताप आल्याच्या आठव्या दिवशी हे गेले.

मरणाची खबर खात्यापर्यंत गेली तेव्हा, आणखी चार दिवसांनी, नर्सबाई आली. बाई हडकुळी, आवाज करवतीसारखा. आधी वसाहतीतल्या सगळ्यांना रांगेत उभं करून टोचलं, मग आमच्या पडवीत येऊन पिंपात विजेरी मारली. पाण्याच्या जरा वर, आतल्या बाजूला काळे ठिपके होते, खसखस चिकटावी तसे.

"हे काय आहे माहितीये?" ती म्हणाली. "अंडी. पाणी आटलं तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी लागलं की फुटतात. तुमचा माणूस आजारी असताना हे पट्टेवाले डास त्याचं रक्त प्यायले. दहा-बारा दिवस त्यांच्या पोटात ताप मुरतो. मग जो डास एकदा भरला तो मरेपर्यंत भरलेलाच. त्याला स्वतःला काही होत नाही, तो फक्त वाटत सुटतो. आणि मरायच्या आधी मादी थोडा अंड्यांतही घालून जाते, आईनं लेकीला दागिना द्यावा तसा."

"मग हे दिवसा बाहेर..." मी म्हणाले.

"हे डास दिवसाच चावतात. तुम्ही त्यांना ताट वाढून दिलंत."

दयामाया नव्हतीच बाईला. मी जंगलातल्या निळ्या डासांचं विचारलं. "ते झाडाच्या शेंड्यावर राहतात," ती म्हणाली, "माकडांवर जगतात. माणसाच्या वाटेला येत नाहीत. तुम्ही झाड खाली आणलंत, झाडाबरोबर ते खाली आले. म्हणून तर आधी माकडांकडे कान लावायचा असतो. कुठे आहेत तुमचे कान?"

मामंजी मचाणाच्या पायरीवर बसले होते. नर्सबाईनं वही चाळली. शेवटच्या पानांवर सगळीकडे 'आवाज आहे'. मागच्या बाजूनं जाऊन तिनं हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. मग तिनं सुयांचा स्टीलचा ट्रे त्यांच्या मागे दगडावर आपटला. लांब उभी असलेली माणसं दचकली. मामंजी समोर बघत राहिले. वसाहतीत एकदम कुजबूज उठली.

नर्सबाई पुढे येऊन त्यांच्या तोंडासमोर बोलली. "तुम्ही बहिरे आहात. मग रोज कोणाच्या कानांनी लिहीत होतात? कोण सांगत होतं?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. सवयच होती त्यांना, उत्तर माझ्या हातावर शोधायची. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते, माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी पदराआडून हात थोडा बाहेर काढला आणि मूठ आवळली.

"कोणी नाही," मामंजी म्हणाले. "मीच आपला अंदाजानं लिहायचो."

मेलेली माकडं दरीत ढकलणारा मुकादम पुढे झाला आणि त्यानं सगळ्यांदेखत म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारली. "पोटचा पोर खाल्लास!" म्हणाला. कवळी मातीत पडली. ती मी उचलली, धुतली आणि त्यांच्या हातात दिली. एवढंच केलं.

पिंपं पालथी केली, धूर केला. पण खुंटीवरच्या कपड्यांमागे चार डास राहिले तर ते कोणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी काकू माझ्याजवळ पडवीत बसायला आल्या. दुपारभर बसल्या, माझे केस विंचरले, म्हणाल्या, "रड गं, मोकळी हो." घोटा खाजवत होत्या. त्यांना ताप चढला तेव्हा लस टोचून पाच दिवस झाले होते. लसीला दहा लागतात. काकू वाचल्या नाहीत. मुकादमाचं घर आमच्यामुळे बसलं हे मला ठाऊक आहे, त्याला नाही. आजही तो म्हाताऱ्यालाच शिव्या देत असेल.

जंगल बंद झालं. माकडं संपली तरी झाडांच्या ढोलींत अंडी असतात, पाऊस आला की फुटतात, त्यामुळे बोंबले परत येऊन नीट नांदेपर्यंत तोड नाही असं खात्यानं ठरवलं. वसाहत उठून गेली. मचाण राहिलं, वही राहिली, आणि ऐकायला कोणीतरी हवं. नर्सबाईनं विचारलं, "तुमचे कान शाबूत आहेत ना?" तिनं मामंजींचं ओळखपत्र काढून घेतलं आणि माझ्या नावाचं आणून दिलं. भावानं माहेरी बोलावलं होतं. मी गेले नाही. लोक म्हणतात, सासऱ्याला सोडलं नाही, किती गुणाची सून. खरं सांगते, माझ्यामागे म्हातारा तोंड उघडेल ही मला भीती होती.

आता मी मचाणावर बसते आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीत. दीड वर्ष मी रोज लिहिलं, 'आवाज नाही'. खांबावरचं फडकं उन्हापावसानं पांढुरकं पडलं. रोज ते खिडकीतून बघायचे आणि मी मूठ दाखवायचे. आमच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं.

एकदाच त्यांनी विचारलं. मी भांडी घासत होते. "सूनबाई, त्या तीन सकाळी खरंच आवाज होता का गं?"

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि सगळं सांगितलं. एकही आवाज नव्हता हे सांगितलं, दोन खोल्यांचं सांगितलं, शेवटचे दोन तास हे कोणाला हाक मारत होते तेही सांगितलं. काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. भांडी संपली तेव्हा हात पुसून मी वळले.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

आज सकाळी ओरडले. आधी एक, लांब, पलीकडच्या डोंगरावरून. मग दुसरा. मग सगळं रान बोंबलायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांतून पाणी आलं. मी उभी राहिले आणि हात जितका वर जाईल तितका वर करून बोट दाखवलं.

मामंजींनी माझ्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी खिडकी लावून घेतली.